वन्यजीव अभ्यासक आणि वनखातं: बोरिवलीच्या उद्यानात ही भागीदारी कुणाच्या कामी आली?

येऊरवाला (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी पिंक टाकली होती की हे अभ्यासक येतात, बिबट्याच्या गळ्यात पट्टा अडकवतात, परदेशी नियतकालिकात पेपर छापतात आणि पीएचडी घेऊन गुल होतात. जंगलाच्या पदरात काय पडतं? तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरती कसोटी अशी: अभ्यासातून जे कळलं, त्याने वनरक्षकाच्या रोजच्या कामात काही फरक पडला का? पडला असेल तर ती भागीदारी. नसेल तर तो हार-तुऱ्यांसकट फोटो काढून फायलीला लावलेला सामंजस्य करार. या कसोटीवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बऱ्यापैकी उतरतं असं माझं मत आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो. घर उद्यानाच्या ठाण्याकडच्या अंगाला, येऊरच्या पायथ्याशी असल्याने थोडा पक्षपात होणारच, तो सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. एका अंगाला बोरिवली-कांदिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड-ठाणे, आत तुळशी आणि विहार तलाव, कान्हेरीची लेणी, आदिवासी पाडे. २००२ ते २००४ या काळात इथे बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले भयंकर वाढले होते. जून २००४ हा सगळ्यात वाईट महिना. तेव्हा ठाण्या-मुलुंडात राहणाऱ्यांना आठवत असेल, संध्याकाळी पोरांना खाली सोडायला लोक धजत नव्हते. त्यावर सगळ्यांची मागणी एकच, 'पिंजरा लावा'. बिबट्या दिसला, लावा पिंजरा. कुत्रं नेलं, लावा पिंजरा. नगरसेवकापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे खात्याच्या मागे. मग पकडलेला बिबट्या आत जंगलात नेऊन सोडायचा. बाहेरच्या भागात धरलेले काही बिबटेही इथे आणून सोडले गेले होते.

त्याच सुमारास जुन्नरला बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखातं मिळून हाच प्रकार तपासत होते. उसाच्या पट्ट्यात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायची मोहीम तिथे जोरात होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधातला आकडा मला पाठ आहे: १९९३ ते २००१ दरम्यान वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. म्हणजे उपायानेच दुखणं वाढवलं. कारण समजायला अवघड नाही. मोठ्या बिबट्याचा इलाका ठरलेला असतो. त्याला उचललं की रिकामी जागा दुसरा धरतो, बहुधा एखादा तरुण, अननुभवी नर. उचललेला बिबट्या अनोळखी मुलखातून माघारी यायला बघतो आणि वाटेत जी गावं लागतात तिथे कधी त्याने माणूस पाहिलेला असतो, कधी नसतो. पिंजऱ्यात आपटून आपटून सुळे मोडलेले असतात, ते वेगळंच.

२०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांनी अत्रेय आणि इतरांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे याच उद्यानाची इंग्रजी आद्याक्षरं) हा उपक्रम सुरू केला. यातला खरा शहाणपणा म्हणजे भागीदार कोण निवडले! अभ्यासक होतेच, पण पोलीस, महापालिका, शाळा, उद्यानाला लागून असलेल्या सोसायट्या आणि पत्रकार यांनाही खात्याने सोबत घेतलं. पोलीस कशाला, असं वाटेल. पण इमारतीत बिबट्या शिरला की सगळ्यात मोठा धोका असतो तो गर्दीचा. डॉक्टरने भुलीचं इंजेक्शन मारलं तरी औषध भिनायला काही मिनिटं जातात, आणि तेवढ्यात दोनशे माणसं मोबाइल उंचावून आरडाओरडा करत असतील तर बिथरलेला बिबट्या कुठूनही उसळी मारणार. तिथे बंदूकवाल्यापेक्षा दोरी धरून गर्दी मागे रेटणारा हवालदार जास्त कामाचा. पत्रकारांच्या कार्यशाळाही अशाच कामी आल्या. 'नरभक्षकाचा धुमाकूळ' छापाचे मथळे हळूहळू कमी झाले, आणि बिबट्या नुसता दिसला तर पिंजरा लागत नाही, हे छापून येऊ लागलं. आता सोसायटीतून फोन गेला की वनरक्षक येतो तो ओला कचरा कुठे टाकता, भटकी कुत्री किती, मागच्या गेटला दिवा आहे का, हे विचारत येतो. त्याच्या कामात फरक पडला तो हा.

मग २०१५ मध्ये निकित सुर्वे या भारतीय वन्यजीव संस्थेच्या विद्यार्थ्याने खात्याच्या मदतीने कॅमेरे लावून मोजणी केली, ३५ बिबटे निघाले. २०१८-१९ च्या मोजणीत ४७. अलीकडच्या, २०२४ च्या मोजणीत ५४. मोजणीपलीकडचं पाऊल पट्ट्यांचं. फेब्रुवारी २०२१ पासून वनखातं आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया यांनी मिळून पाच बिबट्यांना रेडिओ कॉलर लावल्या: सावित्री, महाराज, तुळशी, जीवन, क्रांती. त्यातला महाराज वसई-भिवंडी रस्ता आणि दिवा-वसई रेल्वेमार्ग ओलांडून तुंगारेश्वर अभयारण्याकडे ये-जा करायचा. प्राण्यांसाठी भुयारी मार्ग नेमका कुठे हवा, हे बांधकाम खात्याला सांगायला असा पुरावा लागतो. 'इथे जंगल आहे' एवढ्यावर कुणी ढिम्म हलत नाही.

बाकीच्या उद्यानांचे अनुभव असतील तर येऊ द्या. विरोधी मतंही चालतील, फक्त राजकारण नको.

मामलेदार_मिसळ

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध शंका. ३५, ४७, ५४ हे मोजतात कसं? एकच बिबट्या चार कॅमेऱ्यांसमोरून गेला तर? आणि आकडा वाढला म्हणजे बिबटे वाढले असं धरायचं का?

येऊरवाला

बाळबोध अजिबात नाही, हाच प्रश्न पत्रकार विसरतात.

प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. गोम अशी की डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपकेही जुळत नाहीत. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, गुडघ्याएवढ्या उंचीवर झाडाला पट्ट्याने बांधून. जनावर मधून गेलं की दोन्ही कुशी मिळतात. मग कुणीतरी संगणकापुढे बसून हजारो फोटो जुळवत बसतो, त्यातले बहुतेक गवत हलल्याचे किंवा सरपण घेऊन जाणाऱ्या मावशींचे.

वाढीबद्दल जपून बोलावं. कॅमेरे किती, कुठे, किती रात्री, यावर आकडा हलतो. पण या ओळखपरेडचा एक फायदा मोजणीपलीकडचा आहे. उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत २०२१ आणि २०२२ ला हल्ले झाले तेव्हा हाती आधीची ओळखपत्रं होती. त्यामुळे कॅमेऱ्यात कोण येतंय ते बघून ठरावीक जनावराच्या मागे जाता आलं. २००४ मध्ये ही सोय असती तर कितीतरी निरपराध बिबटे पिंजऱ्यात गेले नसते.

फुकटचा_सल्लागार

सगळं छान छान. पण मी हल्ली जिथे जातो तिथे 'जनजागृती' म्हणजे कंपनीच्या सीएसआरचा (सामाजिक कामाच्या निधीचा) फ्लेक्स, हरणाच्या पुतळ्याशेजारी सेल्फी पॉइंट आणि शाळेच्या पोरांना एकेक टोपी. वर्षाचा खर्च संपवायचा मार्चमध्ये, त्यामुळे पोरं रणरणत्या उन्हात निसर्ग शिकतात. याला शिक्षण म्हणायचं असेल तर धन्य आहे. खात्याला पैसा हवा, कंपनीला फोटो हवा, आणि अभ्यासकाला परवानगी हवी. तिघांचं भागतं. जंगलाचं?

शाळामास्तरीण

सल्लागारसाहेब, टोप्यांबद्दल अगदी +१. आमच्या शाळेत आल्या होत्या, पोरांनी त्यात चिंचा गोळा केल्या.

मी उद्यानाच्या कडेच्या एका शाळेत शिकवते. वर्गात पाड्यांवरची मुलं आहेत आणि टॉवरमधलीही. बिबट्यावरचं सत्र असतं तेव्हा गंमत बघण्यासारखी असते. शहरातून आलेले ताई-दादा पडद्यावर चित्रं दाखवतात, 'अंधारात एकटं जाऊ नये, गटाने जावं, मोबाइलवर गाणी लावावीत'. टॉवरमधली मुलं डोळे विस्फारून ऐकतात. पाड्यावरचा एखादा मागच्या बाकावरून शांतपणे सांगतो, 'बाई, काल आमच्या नळापाशी होता, पिल्लू बी होतं.' त्याला भीती नाही असं नाही, पण त्याच्या आजीला वाघोबाला नारळ द्यायचं ठाऊक आहे. वाघबारस त्यांच्याकडे पुस्तकातली नाही. वारली समाजाच्या वाघोबाच्या ठाण्यांवर रम्या नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, २०२१ ला छापून आला, त्यात दीडशे ठाणी नोंदवली आहेत. मला तो अभ्यास आवडला, कारण त्यात पाड्यावरच्या लोकांना काही शिकवायला कुणी गेलं नव्हतं.

पण येऊरवाले, तुमच्या भागीदारांच्या यादीत एक नाव मागे राहिलंय. पोलीस, पालिका, सोसायट्या, पत्रकार. पाडे कुठे आहेत? उद्यानातल्या वस्त्यांचा इतिहास तुम्हाला माहीत आहेच. १९९५ ला एका पर्यावरण संस्थेची याचिका, १९९७ ला उच्च न्यायालयाचा अतिक्रमणं हटवायचा आदेश, मग हटवलेल्यांचं चांदिवलीला पुनर्वसन. त्या भानगडीत पिढ्यान् पिढ्या राहणारे आदिवासीही कागदासाठी हेलपाटे घालत बसले. ज्या घरात संडास बांधायला परवानगी मिळत नाही, त्या घरातल्या बाईला 'पहाटे उघड्यावर जाऊ नका' असं शिकवायला जायचं, हे मला तोंड वर करून जमत नाही. मी त्या सत्रात मागे उभी राहते.

येऊरवाला

ताई, मान्य. आणि हे फक्त यादीतून सुटलं असं म्हणून चालणार नाही. रात्रीच्या हल्ल्यांतले कितीतरी उघड्यावर बसलेल्या माणसांवर झाले आहेत. बसलेला माणूस बिबट्याला चार पायांच्या जनावराएवढा दिसतो. त्यामुळे संडास आणि दिवा हा वन्यजीव व्यवस्थापनाचाच भाग आहे. उपाय अभ्यासकांच्या अहवालात लिहिलेला असतो, पण तो अमलात आणायचं काम महसूल, पालिका आणि खातं यांच्यामध्ये लोंबकळतं. भागीदारी तिथे तोकडी पडते, हे खरं.

एक मात्र सांगतो. कॅमेरे लावायला, विष्ठा गोळा करायला जाणाऱ्यांत पाड्यांवरची पोरं आहेत. विष्ठा धुऊन त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि केसाच्या सालीवरून चितळ, कुत्रा की उंदीर ते ठरवतात. उद्यानाच्या कडेच्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. २०१८ च्या एका शोधनिबंधात अंदाज मांडला होता की हे बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्री खातात आणि त्यामुळे हजारभर चावे टळत असावेत. अंदाजच तो, पण पालिकेच्या लोकांसमोर ठेवला की त्यांची बसण्याची पद्धत बदलते. असो. ती पोरं रोजंदारीवर असतात आणि शोधनिबंधात आभाराच्या ओळीत येतात. हे मलाही खटकतं.

टेनेसीतला_तात्या

धागा छान चाललाय. इकडचं थोडं सांगतो.

मी अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानापासून तासाभरावर राहतो. या उद्यानात १९९८ पासून एक अचाट काम चालू आहे: उद्यानात जगणारी झाडून सगळी जीवजात नोंदवायची. शेवाळं, कोळी, गोगलगाई, बुरशी, सगळं. त्यासाठी 'डिस्कव्हर लाइफ इन अमेरिका' नावाची वेगळी ना-नफा संस्था काढली. उद्यान जागा आणि परवानगी देतं, विद्यापीठातले तज्ज्ञ ओळख पटवतात, आणि सापळे रिकामे करण्याचं, चिठ्ठ्या लावण्याचं कंटाळवाणं काम शाळा-कॉलेजची मुलं आणि निवृत्त मंडळी करतात. आजवर वीस हजारांच्या वर जाती नोंदल्या, त्यातल्या हजाराहून जास्त विज्ञानाला नव्या. मीही एका उन्हाळ्यात कुजक्या पाल्यातून किडे निवडत बसलो होतो. बायको म्हणाली, घरातली कोथिंबीर कधी निवडली नाहीत.

पैशाचं गणितही सांगण्यासारखं आहे. इथली विद्यापीठं सरकारी प्रकल्पाच्या रकमेवर स्वतःचा वरखर्च लावतात, तो पन्नास टक्क्यांच्या वरही जातो. १९९९ पासून सीईएसयू नावाचं सरकारी खाती आणि विद्यापीठं यांचं जाळं आहे. त्यात सामील झालेल्या विद्यापीठांनी वरखर्च १७.५ टक्केच घ्यायचा, बदल्यात उद्यानांची कामं त्यांना सरळ करारावर मिळतात. कंटाळवाणी तरतूद, पण दोन-चार पोरांचं विद्यावेतन तेवढ्यात सुटतं.

आणि दुसरी बाजू. इकडच्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम झऱ्यात थॉमस ब्रॉक यांना १९६६ मध्ये एक जिवाणू सापडला, थर्मस ॲक्वाटिकस. त्याच्यातल्या विकरावर (एन्झाइमवर) पुढे पीसीआर तंत्र उभं राहिलं. कोविडात आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी घातली ती चाचणी त्याच घराण्यातली. औषध कंपन्यांनी अब्जावधी कमावले, उद्यानाला दमडी मिळाली नाही. त्यानंतर शहाणे होऊन १९९७ ला यलोस्टोनने एका कंपनीशी नफ्यातल्या वाट्याचा करार केला, तर त्यावरही कोर्टकचेरी झाली. तेव्हा भागीदारी करताना 'सापडलेलं कुणाचं' हे आधी लिहून घ्या.

कलम_अठ्ठावीस

तात्यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितोय.

आपल्याकडे यातलं पहिलं पाऊलच परवानगीचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २८: अभ्यासासाठी, संशोधनासाठी आत जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी. अभयारण्यासाठीचं हे कलम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतं. प्राण्याला हात लावायचा असेल, बेशुद्ध करून पट्टा वगैरे, तर कलम १२. आणि बिबट्या-वाघासारखा पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेला प्राणी असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी. जैविक नमुना परदेशी पाठवायचा तर २००२ चा जैवविविधता कायदा आहेच. हे नियम हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी. मी बेडकांवर काम करायचो. बेडूक पावसाळ्यात ओरडतात, हे साहेबाला समजावून सांगेपर्यंत पावसाळा सरला. परवानगी दिवाळीत मिळाली, तीही मार्चपर्यंतच. वरून साहेब बदलले, नवीन साहेबांना प्रकल्प पहिल्यापासून सांगा. म्हणून मला वाटतं, येऊरवाल्यांच्या उदाहरणातली ग्यानबाची मेख अशी की तिथे पहिला साहेब उत्साही निघाला आणि त्याच्यानंतर येणाऱ्यांनी ते मोडलं नाही. दर ठिकाणी असं नशीब नसतं. करार व्यक्तीशी नको, पाच-दहा वर्षांचा आणि खात्याशी हवा.

लांब पल्ल्याचा करार काय दाखवू शकतो याचं उदाहरण विदर्भातलं. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्र वनखातं यांच्या प्रकल्पात टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला २०१९ च्या सुरुवातीला पट्टा लावला. पठ्ठ्या पांढरकवड्याकडून निघाला तो तेलंगणात शिरला, परत आला, आणि शेतं, ओढे, रस्ते तुडवत तीन हजार किलोमीटरच्या वर चालून अखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. वाटेतल्या कापसाच्या शेतांमधून तो दिवसा दडून, रात्री चालत गेला, आणि बहुतेक गावांना पत्ताही नव्हता. ज्ञानगंगेच्या लोकांना वाघ आपल्या दारात येईल असं कुणी सांगितलं असतं तर हसले असते. दोन जंगलांना जोडणारे कॉरिडॉर कॉरिडॉर म्हणून नकाशावर ज्या रेघा मारतात, त्यातल्या कुठल्या खऱ्या हे असंच कळतं.

फुकटचा_सल्लागार

बेडकांचा किस्सा वाचून मी माझं वरचं अर्धं बोलणं मागे घेतो. अर्धंच.

राहिलेलं अर्धं: अहवाल मराठीत का नसतात? वनरक्षकाची कसोटी लावताय ना येऊरवाले, मग त्याला वाचता येईल असं चार पानांचं काही दिलं जातं का? की 'ॲबस्ट्रॅक्ट' वाचून घ्या?

येऊरवाला

बिबट्याबद्दल मराठीत पत्रकं, फलक, माहितीपुस्तिका आहेत. मोजणीचा, कॉलरचा सविस्तर अहवाल मात्र इंग्रजीत. वनरक्षकाला त्याच्या नियतक्षेत्रापुरतं, 'तुझ्या हद्दीतून हे हे तीन बिबटे जातात, ही यांची चित्रं, या नाल्याने उतरतात' असं एक पान दिलं तरी तो दाराला चिकटवेल. मी एका चौकीत अशी फोटोंची प्रिंट बघितली आहे, प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावलेली. तिथल्या वनपालांनी कडेला पेनाने स्वतःच्या नोंदी केल्या होत्या: कोण लंगडते, कोणाची पिल्लं मोठी झाली. त्यातल्या किती अभ्यासकांच्या वहीत गेल्या असतील, देव जाणे. उलट दिशेचा रस्ताही हवा.

मनीमाऊ_ठाणे

उशिरा आले. कुणीतरी पुढचं पण सांगा ना. माझी मुलगी अकरावीला आहे, जीवशास्त्र घेतलंय, तिला यात काही करता येईल का? पैसे भरून नेणारी सफारी नकोय.

शाळामास्तरीण

सुरुवात दोन ठिकाणांहून करा. उद्यानाचं निसर्ग माहिती केंद्र आहे, तिथून शिलोंढ्यासारख्या वाटांवर परवानगीने, जाणकाराबरोबर फेऱ्या निघतात. दुसरं, गोरेगावला चित्रनगरीशेजारी बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र, १९९३ पासूनचं. तिथली मंडळी किडा दाखवून आधी प्रश्न विचारतात, नाव नंतर सांगतात. मुलं टिकतात ती त्याने.

आणि तिला कोळी आवडत असतील तर आरेमध्ये बघायला सांगा. २०२२ मध्ये तिथल्या उडी मारणाऱ्या एका नव्या कोळ्याला वर उल्लेख आलेल्या सुनील लिमये यांचं नाव दिलंय, जर्झेगो सुनीललिमये.

कलम_अठ्ठावीस

मनीमाऊताई, एक जोडतो. काहीही पकडून बाटलीत घालून घरी आणू नका म्हणावं, अगदी मेलेलं फुलपाखरूसुद्धा. फोटो, तारीख, जागा, झाडाचं नाव, एवढं वहीत. एकच ओढा धरून वर्षभर दर महिन्याला तेवढंच बघितलं तरी खूप आहे. पावसाळ्यात बेडकांचे आवाज रेकॉर्ड केलेत तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ओळखून देतो. त्याला परवानगी लागत नाही, घराच्या गॅलरीतूनही होतं.

मनीमाऊ_ठाणे

व्यनि केला आहे. गॅलरीखाली नाला आहे, रात्रभर काहीतरी टक-टक करतं त्यात. आम्ही आजवर पंप समजत होतो.